टायर बसतो, पण भार पेलतो का? : मालट्रक आणि एसयूव्हीसाठी बदली टायर निवडताना

आनेकल (बंगळुरू) : श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ४४, बंगळुरू शहर सोडून तमिळनाडूत शिरतो तो आनेकल तालुक्यातून. बोम्मसंद्र, चंदापुरा आणि अत्तिबेले ही गावे मागे पडली की सीमा ओलांडून होसूर लागते. बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहतींमुळे या पट्ट्यात दिवसरात्र मालट्रकची वर्दळ असते. पुणे, सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव मार्गे येणारा महाराष्ट्राचा माल बंगळुरू ओलांडून तमिळनाडूकडे निघाला, की त्यालाही हीच वाट धरावी लागते. पुण्याहून निघालेला ट्रक अत्तिबेलेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या चाकांखालून साडेआठशे किलोमीटरहून अधिक रस्ता गेलेला असतो. अशा लांबच्या प्रवासात टायर निकामी झाला आणि तो तातडीने बदलण्याची वेळ आली, तर समोर उपलब्ध असलेला टायर आपल्या वाहनाला चालेल काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच कसोटीवर दिले जाते. टायर रिमवर बसला, चाक फिरले, कोठे घासले नाही, म्हणजे टायर चालतो. प्रत्यक्षात टायर बसणे आणि टायरने वाहनाचा भार पेलणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली बाब दुकानात डोळ्यांना दिसते. दुसरी दिसते ती भरल्या ट्रकने किंवा माणसे व सामान यांनी भरलेल्या एसयूव्हीने उन्हातान्हात दोनशे-तीनशे किलोमीटर धाव घेतल्यानंतर, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. बदली टायरचा आकार ठरवताना कोणते आकडे वाचावेत, त्यांचा हिशेब कसा करावा आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

टायरच्या बाजूवर काय लिहिलेले असते

प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याचा आकार कोरलेला असतो. उदाहरणादाखल महिंद्रा बोलेरोच्या टायरवरील २१५/७५ आर १५ हा आकार घेऊ. यातील २१५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंतची असते, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. ७५ हा आकडा टक्केवारीचा आहे. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे एकत्र आल्यामुळे अनेकांचा गोंधळ उडतो.

या आकड्यांनंतर आणखी एक आकडा आणि एक अक्षर येते. आकडा हा भार निर्देशांक आणि अक्षर हे वेगाचे चिन्ह. भार निर्देशांक म्हणजे थेट किलोग्रॅम नव्हेत. तो ठरावीक तक्त्यातील क्रमांक आहे. १०० या निर्देशांकाचा टायर ८०० किलो भार पेलू शकतो, १०५ चा ९२५ किलो, ११० चा १०६० किलो आणि ११२ चा ११२० किलो. वेगाच्या चिन्हांपैकी ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटर, ‘एल’ म्हणजे १२०, ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटरची कमाल मर्यादा.

मालट्रकच्या टायरवर भार निर्देशांकाचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १४६/१४३. पहिला आकडा टायर एकेकटा लावला असता पेलणारा भार सांगतो, तर दुसरा मागच्या आसावर जोडीने लावला असता प्रत्येकी पेलणारा भार. जोडीतील दोन टायर भार कधीच अगदी समान वाटून घेत नाहीत आणि आतल्या टायरला वारा कमी लागल्याने तो अधिक तापतो. म्हणून दुसरा आकडा नेहमी लहान असतो.

व्यासाचा हिशेब

बदली टायरचा आकार मूळ आकारापेक्षा वेगळा असेल, तर सर्वप्रथम दोन्हींचा एकूण व्यास काढावा. रीत सोपी आहे. रुंदीला टक्केवारीने गुणून बाजूच्या भिंतीची उंची काढावी, तिची दुप्पट करावी आणि त्यात रिमचा व्यास मिसळावा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरमध्ये भिंतीची उंची १६१.२५ मिलिमीटर येते. तिची दुप्पट ३२२.५ आणि १५ इंची रिमचे ३८१ मिळून एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर होतो. गाडी थोडी उंच आणि भारदस्त दिसावी म्हणून काही मालक २३५/७५ आर १५ हा आकार निवडतात. त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे ४.३ टक्क्यांच्या आसपास. त्याऐवजी २३५/७० आर १५ घेतला तर व्यास ७१० मिलिमीटर येतो आणि फरक एक टक्क्याच्याही आत राहतो. दोन्ही टायर तेवढेच रुंद आणि दोन्ही त्याच १५ इंची रिमचे. भिंतीच्या उंचीतील पाच टक्क्यांनी एवढे अंतर पडते.

चार टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्याचे परिणाम गाडीच्या अनेक भागांवर होतात. वेगदर्शक काटा चाक किती वेळा फिरले यावरून वेग सांगतो. चाक मोठे झाले, तर एका फेरीत गाडी अधिक अंतर कापते, मात्र काट्याला ते कळत नाही. २३५/७५ टायर लावलेल्या बोलेरोचा काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८३ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. अंतरमापकाने १०,००० किलोमीटर नोंदवले, तेव्हा गाडी सुमारे १०,४०० किलोमीटर चाललेली असते. चाक मोठे झाल्याने इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये अधिक ओढावे लागते. खंबाटकीसारख्या घाटात भरलेली गाडी चढवताना याची जाणीव होते. ब्रेकचे भाग तेच राहतात, पण त्यांना थांबवायच्या चाकाची त्रिज्या वाढलेली असते. त्यामुळे तेवढ्याच परिणामासाठी अधिक जोर लागतो. जमिनीपासूनची उंची मात्र व्यासातील फरकाच्या निम्म्यानेच, म्हणजे जेमतेम १५ मिलिमीटरने वाढते.

या कारणांमुळे टायर व्यवसायात सर्वसाधारणपणे तीन टक्क्यांची मर्यादा पाळली जाते. मूळ टायरच्या व्यासापेक्षा बदली टायरचा व्यास तीन टक्क्यांहून अधिक मोठा किंवा लहान नसावा. हा संकेत कमाल मर्यादेचा आहे; फरक एक-दीड टक्क्यांच्या आत ठेवता आला तर उत्तम.

उत्पादकांनीच दाखवलेली वाट

आकार बदलणे मुळातच चुकीचे आहे, असे नाही. अनेक वाहनांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना उत्पादक कंपनीच निरनिराळे टायर देते. हे आकडे बारकाईने पाहिले, तर कंपन्यांचे अभियंते कोणती काळजी घेतात, हे ध्यानी येते.

आनेकलपासून फार दूर नसलेल्या बिडदी येथील कारखान्यात तयार होणारी टोयोटा फॉर्च्युनर २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशा दोन आकारांच्या टायरसह विकली गेली आहे. पहिल्याचा व्यास ७७६.३ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ७७५.२ मिलिमीटर. रिम एक इंचाने मोठी झाली, बाजूची भिंत तेवढीच बुटकी झाली आणि एकूण व्यासात जेमतेम एका मिलिमीटरचा फरक राहिला. याच कारखान्यातील इनोव्हा क्रिस्टाच्या २०५/६५ आर १६ आणि २१५/५५ आर १७ या दोन टायरमधील फरक ४.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.७ टक्के इतकाच आहे. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ या दोन आकारांत १४.८ मिलिमीटरचे, म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित कमी अंतर आहे.

यावरून बदलाचा नियम स्पष्ट होतो. रिम मोठी घ्यायची असेल, तर बाजूची भिंत बुटकी व्हायला हवी आणि एकूण व्यास जवळपास तोच राहायला हवा. फॉर्च्युनरच्या उदाहरणात आणखी एक धडा आहे. १७ इंची टायरचा सर्वसाधारण भार निर्देशांक ११२, तर १८ इंचीचा ११०. भिंत बुटकी झाली की टायरमधील हवेची जागा कमी होते आणि त्याबरोबर भार पेलण्याची क्षमताही उतरते. उत्पादकाने दोन्ही आकार वाहनाच्या वजनाशी ताडून निवडलेले असतात. मालक स्वतःच्या आवडीने आणखी बुटका टायर निवडतो, तेव्हा हा ताळा त्याला स्वतः करावा लागतो. म्हणून बदली आकार शोधताना आपल्याच वाहनाच्या वरच्या किंवा खालच्या आवृत्तीला कंपनीने कोणता टायर दिला आहे, हे प्रथम पाहावे. बहुतेकदा सुरक्षित पर्याय तेथेच सापडतो.

मालट्रक : आकार तोच, भार वेगळा

मालट्रकच्या बाबतीत भाराचा प्रश्न अधिक गंभीर होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये मालवाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायर असलेल्या एका आसावर पूर्वी १०.२ टन भार अनुज्ञेय होता; तो ११.५ टन झाला. दोन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. एका फेरीत अधिक माल नेता येऊ लागल्याने वाहतूकदारांनी या निर्णयाचे स्वागत केले. परंतु वाढलेला भार अखेर टायरवरच येतो.

१४६/१४३ असा निर्देशांक असलेल्या टायरचा हिशेब मांडून पाहू. १४३ म्हणजे जोडीत लावलेल्या प्रत्येक टायरमागे २,७२५ किलो. मागच्या आसावरील चार टायर मिळून १०,९०० किलो पेलतात. जुन्या १०.२ टनांच्या मर्यादेत हे टायर पुरेसे होते आणि वर ७०० किलोंची शिल्लकही राहत होती. ११.५ टनांच्या मर्यादेत मात्र तेच टायर ६०० किलोंनी तोकडे पडतात. १४९/१४६ निर्देशांकाच्या टायरमध्ये १४६ म्हणजे प्रत्येकी ३,००० किलो. चार टायर मिळून १२ टन होतात आणि ११.५ टनांचा भार ५०० किलोंच्या फरकाने पेलतात.

रिमच्या व्यासाचा आकडा दोन्ही टायरवर २० असू शकतो. दोन्ही त्याच ट्रकच्या त्याच रिमवर बसू शकतात. घाईच्या वेळी दोन्हींतला फरक केवळ त्या छोट्या निर्देशांकात असतो आणि तोच वाचायचा राहून जातो. म्हणून ट्रकसाठी टायर घेताना नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. त्यावरील एकूण वजन आणि प्रत्येक आसावरील भार पाहून, त्याला टायरच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा टायरची क्षमता अधिक आहे, याची खात्री करावी. पुढच्या आसासाठी निर्देशांकाचा पहिला आकडा आणि मागच्या जोड टायरसाठी दुसरा आकडा धरावा. नोंदणी जुन्या मर्यादेनुसार असेल तर जुना टायर पुरेसा ठरेल. वाढीव मर्यादेनुसार असेल तर ठरणार नाही.

पिकअप वाहनांतही अशीच गफलत होते. एकाच रुंदीचे आणि एकाच रिमचे टायर प्रवासी एसयूव्हीसाठी वेगळ्या आणि हलक्या मालवाहनासाठी वेगळ्या बांधणीचे मिळतात. मालवाहनाच्या टायरची भिंत अधिक मजबूत असते, त्यात हवेचा दाब अधिक ठेवता येतो आणि निर्देशांकाचे आकडे दोन असतात. प्रवासी वाहनाचा टायर पिकअपवर सहज चढतो, पण भाजीपाला, सिमेंट किंवा लोखंड भरलेल्या फेरीसाठी तो बनवलेला नसतो.

रिम : इंच सारखे, घडण निराळी

महामार्गावरील ट्रकवर आज १०.०० आर २०, २९५/९० आर २० आणि २९५/८० आर २२.५ असे आकार दिसतात. १०.०० आर २० या जुन्या पद्धतीच्या लेखनात रुंदी इंचांत असते आणि भिंतीच्या उंचीची टक्केवारी लिहिलेलीच नसते. त्यामुळे वर सांगितलेला हिशेब तेथे लागू पडत नाही. उत्पादकाच्या तक्त्यातूनच व्यास पाहावा लागतो. उरलेल्या दोन आकारांचा हिशेब मात्र करता येतो. २९५/९० आर २० चा व्यास १,०३९ मिलिमीटर आणि २९५/८० आर २२.५ चा १,०४३.५ मिलिमीटर येतो. रस्त्याच्या दृष्टीने ही दोन चाके जवळपास सारखीच.

तरीही एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर कदापि चालत नाही. २० इंची टायर सामान्यतः ट्यूब घालून वापरला जातो आणि त्याच्या रिमला टायर अडकवून ठेवणारी वेगळी कडी असते. २२.५ इंची टायर ट्यूबविरहित असतो आणि त्याची रिम एकसंध, आतून उतरती असते. ट्यूबच्या टायरवरून ट्यूबविरहित टायरवर जायचे असेल, तर केवळ टायर नव्हे, तर रिमही बदलाव्या लागतात. कडीच्या रिममध्ये आणखी एक धोका आहे. कडी नीट बसलेली नसताना हवा भरली, तर ती प्रचंड जोराने उडून काम करणाऱ्याचा जीव घेऊ शकते. म्हणून असा टायर भरताना तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवावा आणि हवा भरणाऱ्याने कडीच्या समोर उभे राहू नये.

एसयूव्हीच्या बाबतीत रिमची रुंदी पाहावी लागते. प्रत्येक टायरसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती रुंदीची रिम चालते, हे उत्पादक ठरवून देतो. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसवला, तर त्याच्या भिंती आत दबतात, मधला पट्टा फुगतो आणि तोच लवकर झिजतो. रुंद रिमवर अरुंद टायर बसवला, तर भिंती ताणल्या जातात आणि खड्ड्यात रिमला थेट फटका बसतो. रिम बाहेर सरकवणारे जाड तुकडे किंवा बाहेर आलेल्या रिम लावल्यास चाकाच्या बेअरिंगवर मूळ रचनेत न धरलेला ताण येतो.

जोडी जुळवणे

ट्रकच्या मागच्या आसावर एका बाजूचे दोन टायर जवळ जवळ असतात. या दोहोंचा व्यास सारखा असला पाहिजे. एक नवा आणि दुसरा झिजलेला असेल, तर मोठ्या व्यासाचा टायर बहुतेक भार स्वतःवर घेतो आणि लहान टायर रस्त्यावर घसटत राहतो. दोन्हींचे आयुष्य कमी होते. एक मूळ टायर आणि एक रिमोल्ड अशी जोडी लावतानाही प्रत्यक्ष मोजमाप करूनच लावावी. रुंद आकाराचा टायर निवडल्यास जोडीतील दोन भिंतींमधील फट कमी होते. भार पडल्यावर भिंती फुगतात, एकमेकींवर घासतात आणि तापतात. त्या फटीत अडकलेला दगडही टायर कापतो. म्हणून जोडीसाठी मोठा आकार घेताना ही फट पुरेशी राहते की नाही, हे आधी पाहावे. एकाच आसावर रेडियल आणि नायलॉन टायर एकत्र लावू नयेत. दोन्हींची लवचिकता भिन्न असल्याने वळणावर आणि ब्रेक लावताना वाहन एका बाजूस खेचले जाते.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या एसयूव्हीत ही जुळणी आणखी महत्त्वाची ठरते. गरजेनुसार चार चाकांची जोडणी करणाऱ्या गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा आस एकाच वेगाने फिरतो. पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासात फरक असेल, तर पक्क्या रस्त्यावर हा फरक यंत्रणेतील दांडे आणि गिअर यांना सोसावा लागतो. अशा गाडीत चार टायर एकाच आकाराचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे असावेत. चाके घसरू न देणारी ब्रेक यंत्रणा चारही चाकांच्या वेगाची तुलना करते. एक चाक लहान किंवा मोठे असेल, तर तिचा अंदाज बिघडू शकतो. राखीव टायर विसरला जातो, हाही नेहमीचा अनुभव आहे. चार टायरचा आकार बदलला आणि पाचवा तसाच राहिला, तर पंक्चर झाल्यावर विजोड चाकावर प्रवास करावा लागतो.

भार पेलते ती हवा

टायरची क्षमता लिहिलेली असते ती ठरावीक हवेच्या दाबासाठी. दाब कमी असेल तर भिंत अधिक वाकते, प्रत्येक फेरीत अधिक तापते आणि रबर व आतील तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणजे आकार योग्य असूनही कमी हवेमुळे तोच टायर अपुरा ठरतो.

याचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बहुसंख्य टायर फोर्डच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. धावत्या गाडीत टायरचा वरचा पट्टा सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. या अपघातांत दोनशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. दोष कोणाचा, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्यात हवेच्या दाबाचा मुद्दा मध्यवर्ती होता. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता, तर फायरस्टोनचे म्हणणे ३० पीएसआयचे होते. केवळ चार पीएसआयचे हे अंतर, पण ते भाराची शिल्लक कमी करणारे होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने टायर आणि वाहनांतील दोषांची माहिती सरकारला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा केला.

बदली टायरचा आकार किंवा भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा वेगळा असेल, तर गाडीच्या दारावरील पट्टीवर दिलेला जुना दाब तसाच लागू होईल, असे नाही. नव्या टायरच्या भार-दाब तक्त्यातून तो पाहून घ्यावा. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. प्रवासात टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढून टाकणे घातक ठरते.

महाराष्ट्रात समृद्धी महामार्गाने हा विषय लोकांसमोर आणला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर तेथील अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी हाती घेतली आणि घासलेल्या टायरची वाहने परत पाठवली. सरळ, मोकळ्या काँक्रीटच्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना टायर सतत तापत राहतो; गावातल्या रस्त्यावर निभावून गेलेला अपुरा टायर तेथे दगा देतो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी, तर नियम ९५ टायरच्या आकाराविषयी आणि थरांच्या बळाविषयी आहे. दुचाकी व तीनचाकी सोडून अन्य वाहनांच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांमध्ये मध्येमध्ये असलेले रबराचे छोटे उंचवटे हीच मर्यादा दाखवतात. वरचा थर झिजून त्यांच्या पातळीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली.

देशात विकल्या जाणाऱ्या टायरना २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक लागू आहे. परदेशी बनावटीचा आकर्षक नक्षीचा टायर स्वस्तात मिळत असेल, तर हे चिन्ह प्रथम पाहावे. आंतरराज्य सीमेवर तपासणी होते तेव्हा किंवा विम्याचा दावा करण्याची वेळ येते तेव्हा, मूळ तपशिलाबाहेर गेलेले टायर मालकाच्या अडचणीत भर घालू शकतात.

निवडीचा क्रम

हे सर्व लक्षात घेता बदली टायर निवडताना पुढील क्रम पाळणे हिताचे ठरते.

१. वाहनाच्या पुस्तिकेतील किंवा दारावरील पट्टीवरील मूळ आकार, भार निर्देशांक, वेगाचे चिन्ह आणि हवेचा दाब लिहून घ्यावा. सध्या गाडीवर असलेला टायर हा मूळच आहे, असे गृहीत धरू नये. आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो.

२. शक्यतो तोच आकार घ्यावा. तो मिळत नसेल, तर त्याच वाहनाच्या दुसऱ्या आवृत्तीला उत्पादकाने दिलेला आकार पाहावा.

३. भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. ट्रकसाठी तो नोंदणी प्रमाणपत्रातील आसभाराशी ताडून पाहावा. वेगाचे चिन्हही मूळपेक्षा खालचे नसावे.

४. एकूण व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करावी.

५. रिमचा व्यास, रुंदी आणि घडण त्या टायरसाठी मान्य आहे का, हे तपासावे.

६. टायर बसवल्यावर सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, शक्य असल्यास गाडीत भार ठेवून, टायर कोठे घासतो का ते पाहावे. ट्रकमध्ये जोड टायरमधील फट तपासावी.

७. टायरच्या बाजूवरील चार आकडी निर्मितीचा काळ वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसला, तरी त्याचे रबर कठीण झालेले असू शकते.

प्रवासात अडलेल्या चालकाला हे सारे एका दमात करणे शक्य नसते, हे खरे. अत्तिबेलेच्या रस्त्याकडेला मध्यरात्री मिळेल तो टायर लावून पुढे जाण्यावाचून कधी कधी गत्यंतर नसते. तशा वेळी निदान भार निर्देशांक वाचावा, आणि तो कमी असल्यास थोडा माल दुसऱ्या वाहनात हलवावा किंवा वेग कमी ठेवून जवळच्या मोठ्या गावापर्यंतच जावे. तेथे योग्य टायर घेऊन मगच पुढचा पल्ला गाठावा. प्रवास सुरू करण्यापूर्वी योग्य आकाराचा, पुरेशी हवा भरलेला राखीव टायर सोबत घेतला, तर ही वेळच येत नाही.